कंपनीच्या घरचें ज्ञान आणि धंद्याचें धोरण

कोणत्याही धंद्याचें भांडवल म्हटलें म्हणजे जमीन, इमारती, यंत्रें व बँकेंतील शिल्लक एवढ्याच गोष्टी सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढें येतात. वार्षिक ताळेबंदांत आंकडे मांडले जातात ते यांचेच, आणि सभासदही तेच आंकडे पाहून आपली संस्था सुस्थितींत आहे कीं नाहीं हें ठरवितात. परंतु एक भांडवल असें आहे कीं, तें कोणत्याही ताळेबंदांत दिसत नाहीं, त्याला कुलूप लावतां येत नाहीं, आणि तें नाहींसें झालें तरी बराच काळ कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. संस्थेंत काम करणाऱ्या माणसांस अनुभवानें प्राप्त झालेलें ज्ञान हें तें भांडवल होय. कोणत्या गांवचा माल ओलसर येतो, कोणता व्यापारी माल उतरल्यावर तक्रार काढून दर पाडतो, कोणत्या वाणाची साठवण टिकते, गेल्या वेळचा सौदा कां फसला, या गोष्टी कोणाला ना कोणाला ठाऊक असतातच. पण ज्या खोलींत संचालक मंडळ बसून पुढील तीन वर्षांचा बेत ठरवितें, त्या खोलीपर्यंत त्या पोंचतातच असें नाहीं.

हा विषय वरवर पाहतां मोठ्या कारखानदारांचा वाटेल. पण आतां तो शेतकऱ्याच्याही दारांत आला आहे. प्रा. योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीस अनुसरून २००२ सालच्या दुरुस्तीनें १९५६ च्या कंपनी कायद्यांत उत्पादक कंपन्यांचें स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. किमान दहा उत्पादकांस एकत्र येऊन अशी कंपनी नोंदवितां येते. संचालक किमान पांच व कमाल पंधरा असतात. आणि पूर्ण वेळेचा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणें आवश्यक असतें. पुढें २०२० सालीं देशभर १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना केंद्र सरकारनें जाहीर केली. अशा कंपनीचा भाग घेणारा शेतकरी केवळ माल विकणारा राहत नाहीं. तो धोरण ठरविणाऱ्यांपैकीं एक होतो. धोरण चुकलें तर यंत्रें गंजतात, कर्जाचे हप्ते थकतात व भागांची रक्कम बुडते. यास्तव घरचें ज्ञान धोरणाच्या उपयोगीं कसें आणावें, याचा विचार प्रत्येक सभासदानें करणें अगत्याचें आहे.

ज्ञान कशास म्हणावें व धोरण कशास

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करूं. माहिती आणि ज्ञान यांत भेद आहे. आजचा बाजारभाव ही माहिती होय. ती वर्तमानपत्रांत मिळते, भ्रमणध्वनीवर मिळते व सर्वांस सारखीच मिळते. तो भाव पाहून माल आज काढावा कीं पंधरा दिवस थांबावें हें ज्याला उमगतें, त्याच्याजवळ ज्ञान आहे. या ज्ञानाचेही दोन प्रकार आहेत. एक कागदावर उतरलेलें : बीजप्रक्रियेचें प्रमाण, यंत्राची माहितीपुस्तिका, करारनामा, हिशेब. दुसरें हातांत, डोळ्यांत व जिभेवर असलेलें. गुऱ्हाळावरील गुळव्या उकळत्या रसाकडे पाहून काहील चुलाणावरून केव्हां उतरावी हें अचूक सांगतो. पण कसें ओळखलेंस असें विचारलें तर त्याला तें शब्दांत धड मांडतां येत नाहीं. हंगेरींत जन्मलेले व पुढें इंग्लंडांत स्थायिक झालेले तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या शब्दांबाहेर राहणाऱ्या ज्ञानाचें विवेचन केलें आहे. पहिल्यास आपण व्यक्त ज्ञान व दुसऱ्यास अव्यक्त ज्ञान म्हणूं.

आतां धोरण. माल वेळेवर तोलणें, पैसे वेळेवर चुकते करणें, ही रोजची व्यवस्था झाली; ती उत्तम असली तरी तिला धोरण म्हणतां येणार नाहीं. कोणता माल घ्यावयाचा व कोणता घ्यावयाचा नाहीं, तो कोणत्या गिऱ्हाइकासाठीं घ्यावयाचा, भांडवल कशांत गुंतवावयाचें, आणि इतरांहून कोणती गोष्ट आपण अधिक चांगली करूं शकतों, या प्रश्नांचीं एकमेकांशीं जुळणारीं उत्तरें म्हणजे धोरण होय. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कठिण आहे. आपल्याला काय येतें हेंच ज्याला ठाऊक नाहीं, त्याला काय करावें हें ठरवितां येत नाहीं. तो शेजाऱ्यानें काढलेला कारखाना पाहून तसाच आपण काढतो. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा अशी त्याची गत होते. म्हणून घरांत कोणाजवळ कोणतें ज्ञान आहे हें शोधणें, तें एकमेकांस मिळेल असें करणें, आणि निर्णयाच्या वेळीं तें पुढें मांडणें, या तीन कामांस ज्ञानाची व्यवस्था असें म्हणावें. या व्यवस्थेचा धोरणाशीं संबंध कसा येतो, तें तीन निरनिराळ्या दाखल्यांवरून पाहूं.

जपानमधील दाखला : हातांतील ज्ञान यंत्रांत

ओसाका येथील मात्सुशिता ही विजेचीं उपकरणें करणारी कंपनी मोठी व नांवाजलेली होती. परंतु स्वयंपाकघरांतील तिचीं जुनीं उपकरणें घरोघर पोंचलीं होतीं, प्रतिस्पर्धी तशींच उपकरणें स्वस्तांत विकूं लागले होते, आणि नफा घटत चालला होता. १९८४ सालीं कंपनीनें तीन निरनिराळे विभाग एकत्र केले. एका विभागाला भात शिजविण्याच्या यंत्रांमुळें संगणकीय नियंत्रणाची विद्या अवगत होती, दुसऱ्याला उष्णतेची, तिसऱ्याला चक्राकार फिरणाऱ्या यंत्रांची. तिघांच्या विद्या एकत्र आल्या तर काय करतां येईल, असा प्रश्न निघाला व घरच्या घरीं पाव तयार करणारें यंत्र करावयाचें ठरलें.

यंत्र झालें, पण पाव चांगला होईना. वरून कवच करपे व आंत कणीक कच्ची राही. यंत्रानें मळलेली कणीक व कसबी माणसानें मळलेली कणीक यांचीं क्ष-किरणांनीं चित्रें काढून ताडून पाहिलीं. तरी उलगडा झाला नाहीं. तेव्हां इकुको तनाका या कर्मचारी बाईंनीं एक सुचविलें. ओसाकांतील एका मोठ्या हॉटेलचा पाव प्रसिद्ध होता. तेथील मुख्य पाववाल्याजवळ त्या शिकाऊ म्हणून राहिल्या. तो आचारी कणीक केवळ मळीत नसे. ती ताणतांना तिला एक विशिष्ट पीळ देत असे. ही गोष्ट त्यानें कोणास सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखें त्यांत कांहीं आहे असें त्याला वाटलेंच नव्हतें. तनाकाबाईंनीं ती हातानें शिकून मग यंत्रज्ञांस समजेल अशा भाषेंत मांडली. यंत्रज्ञांनीं भांड्याच्या आंतल्या बाजूस उंचवटे बसवून तोच परिणाम साधला. सुमारें वर्षभराच्या खटपटीनंतर यंत्र सिद्ध झालें, आणि १९८७ सालीं तें बाजारांत येतांच त्याचा खप फार मोठा झाला.

जपानी प्राध्यापक इकुजिरो नोनाका यांनीं १९९१ सालच्या एका लेखांत, व पुढें हिरोताका ताकेउची यांच्यासह १९९५ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत, ही हकीकत सविस्तर दिली आहे. पाव उत्तम झाला, एवढ्यावर ती संपत नाहीं. स्वस्ताईच्या चढाओढींत न शिरतां, माणसाला जें कौशल्य हवें आहे पण ज्यास वेळ नाहीं, तें यंत्रांत उतरवून देणें ही आपली खरी शक्ति आहे, असें या कामावरून त्या विभागास कळलें, आणि पुढील उपकरणें त्याच विचारानें होऊं लागलीं. म्हणजे ज्ञानानें धोरणास नुसती मदत केली नाहीं, तर धोरण काय असावें हेंच दाखविलें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हें ज्ञान कागद मागवून मिळालें नाहीं. जवळ बसून, हात लावून शिकावें लागलें.

डेन्मार्कमधील दाखला : गोठ्यांतील वही

दुसरा दाखला शेतकऱ्यांच्याच संस्थांचा आहे. एकोणिसाव्या शतकांत डेन्मार्क देश धान्य परदेशीं पाठवीत असे. १८७० नंतर अमेरिका व रशिया येथून आगगाड्या व आगबोटी यांच्या योगें स्वस्त धान्य युरोपांत लोटूं लागलें व धान्याचे भाव कोसळले. पुष्कळ देशांनीं जकाती वाढवून आपला बाजार बंद केला. डेन्मार्कनें तसें न करतां स्वस्त धान्य जनावरांस घालून लोणी व डुकराचें मांस विकण्याचा मार्ग धरला. पश्चिम जटलंडमधील येडिंग या गांवीं १८८२ सालीं पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली, आणि पुढील दहा वर्षांत अशा शेंकडों दुग्धशाळा उभ्या राहिल्या.

एवढें मोठें वळण एका लहान देशाच्या शेतकऱ्यांनीं कसें घेतलें? केवळ धाडसानें नव्हे. त्यापूर्वींच कोपनहेगन येथील शेतकी महाविद्यालयाचे सेगेल्के यांनीं दुग्धशाळांत उष्णतामापक व हिशेबाची वही यांचा प्रसार चालविला होता. फ्योर्द यांनीं प्रत्यक्ष शेतांवर व दुग्धशाळांत प्रयोग करून, मलई काढण्याच्या कोणत्या पद्धतीनें किती लोणी पडतें याचे आंकडे सर्वांपुढें ठेविले. त्यामुळें वाद मतांचा न राहतां मापांचा झाला. पुढें दुधाचे पैसे केवळ वजनावर न देतां त्यांतील स्निग्धांशावर देण्याची सोय झाली, आणि पाणी घालणाऱ्याचा लाभ संपला.

नंतर १८९५ सालीं वेयन या गांवीं शेतकऱ्यांनीं दूध-नोंदणीची पहिली संस्था काढली. तिचा एक साहाय्यक ठराविक दिवसांनीं प्रत्येक सभासदाच्या गोठ्यांत येई. प्रत्येक गाईचें दूध तोली, स्निग्धांश तपाशी, तिला घातलेलें खाद्य मोजी व वहींत मांडी. वर्षाअखेर दिसून येई कीं, जी गाय डोळ्यांस धष्टपुष्ट दिसते ती कधीं कधीं खाल्लेल्या खाद्याची किंमतही देत नाहीं, आणि कोपऱ्यांतील लहानखुरी गाय सर्व गोठा पोशीत असते. कोणती गाय ठेवावी, कोणत्या वळूची पैदास घ्यावी, कोणतें खाद्य विकत आणावें, हे सर्व निर्णय या वहीवरून होऊं लागले. एका गोठ्याची वही त्या एका शेतकऱ्याच्या कामाची. पण सर्व गोठ्यांच्या वह्या शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे साऱ्या प्रदेशानें कोणत्या दिशेनें जावें हें त्यांत दिसतें. ज्ञान एकत्र आल्यावर त्याची किंमत बेरजेनें न वाढतां कैक पटींनीं वाढते, ती अशी.

आपल्याकडील दाखला : द्राक्षाची निर्यात, २०१०

तिसरा दाखला नाशिक, सांगली, सोलापूर व पुणें या जिल्ह्यांतील बागाइतदारांस स्मरत असेल. युरोपांत द्राक्षें पाठविण्यासाठीं फळांतील औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी करावी लागते. कोणत्या बागेंतील माल कोणत्या पेटींत गेला याचा माग ठेवणारी ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था केंद्र सरकारच्या अपेडा या संस्थेनें २००६ सालीं सुरू केली, व तिच्या योगें निर्यातीस शिस्त आली. तरीही २०१० च्या हंगामांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश मर्यादेहून अधिक आढळल्यामुळें आपलीं द्राक्षें युरोपच्या बाजारांत अडकलीं, सौदे मोडले व बागाइतदारांचें व निर्यातदारांचें मोठें नुकसान झालें.

हें द्रव्य बागाइतदारांस सी. सी. सी. या नांवानें परिचित होतें. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची पालेवाढ आवरून काडींत घड धरावा, यासाठीं त्याचा वापर होत असे. म्हणजे ऑक्टोबरची फळछाटणी होण्यापूर्वीं कित्येक महिने आधीं तें वापरलेलें असे. निर्यातीपूर्वीं ज्या द्रव्यांची तपासणी सक्तीची होती, त्यांत त्या हंगामीं याचें नांव नव्हतें. पुढें तें घालण्यांत आलें.

आतां या प्रसंगाचा ज्ञानाच्या दृष्टीनें विचार करूं. बागेंत काय वापरलें जातें हें बागाइतदारास ठाऊक होतें. तें गुपित नव्हतें. तें वेलींत किती काळ टिकतें हा शास्त्रज्ञाचा विषय. परदेशांतील प्रयोगशाळा कशाकशाची परीक्षा करूं लागल्या आहेत, ही खरेदीदाराजवळून मिळण्याची बातमी. तीन ठिकाणचीं हीं तीन ज्ञानें हंगामापूर्वीं एका बैठकींत शेजारीं शेजारीं मांडलीं गेलीं असतीं, तर प्रश्न वेळींच उभा राहिला असता कीं, आपण जें जें वापरतों तें सर्व यादींत आहे काय? यादी पाहून बाग तपासणें हा एक मार्ग. बाग पाहून यादी तपासणें हा दुसरा. पहिल्या मार्गानें नियम पाळले जातात. दुसऱ्यानें पुढचें संकट दिसतें. धोरण ठरविणाऱ्यास दुसऱ्या मार्गाची गरज अधिक असते, कारण नियम कालचा असतो व बाजार उद्यांचा.

हिशेब करून पाहूं

वरील विवेचन आपल्या उत्पादक कंपनीस कसें लागू पडतें हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका कंपनीचे ३०० सभासद आहेत व प्रत्येकाची सरासरी २ एकर तूर आहे. एकरीं ४ क्विंटल धरल्यास एकूण तूर २,४०० क्विंटल होते. दररोज १२ क्विंटल भरडणारी डाळगिरणी घेतली तर तिला २०० दिवसांचें काम मिळेल, असा अहवाल सल्लागार तयार करतो. कागदावरील सर्व आंकडे बरोबर आहेत. संचालक मंडळ कर्ज काढून गिरणी बसवितें.

परंतु तोलाई करणारा कारकून व गांवोगांवचे गटप्रमुख यांस एक गोष्ट ठाऊक आहे, जी त्यांना कोणी विचारली नाहीं. मळणी झाल्याबरोबर सभासदांपैकीं पुष्कळांना पैशाची निकड असते. मार्चअखेर पीककर्ज फेडावयाचें असतें, लग्नकार्य असतें, दुकानदाराची उधारी असते. ते खळ्यावरूनच माल देऊन टाकतात. कंपनीकडे माल येतो तो तृतीयांश, म्हणजे ८०० क्विंटल. गिरणी सुमारें ६७ दिवस चालते व उरलेलें वर्ष बंद राहते. कर्जाचें व्याज मात्र बाराही महिने चालूं असतें.

गटप्रमुखांचें ज्ञान आधीं मिळालें असतें तर धोरणाचा क्रमच बदलला असता. प्रथम गोदाम, त्यांतील मालाच्या पावतीवर सभासदांस कर्ज मिळण्याची सोय, आणि माल थांबूं लागला हें दोन हंगाम पाहिल्यावर मग गिरणी. यांत नवी विद्या कांहींच नाहीं. जें ज्ञान घरांत होतें तें निर्णयाच्या आधीं वर आलें कीं नंतर, एवढाच फरक. पण तेवढ्या फरकावर ३०० कुटुंबांच्या भागांची रक्कम अवलंबून असते.

चार वह्या व दोन बैठका

यासाठीं फार मोठा खर्च किंवा परदेशी संगणक-व्यवस्था पाहिजे असें नाहीं. संगणक असेल तर उत्तमच; पण वहींत जें लिहावयाचें तें ठरलें नसेल तर संगणकही रिकामाच राहतो. आरंभीं पुढील चार वह्या पुरेशा होतील.

पहिली शेतवही. प्रत्येक सभासदाचें वाण, पेरणीची तारीख, वापरलेलीं खतें व औषधें, उत्पन्न, आणि कंपनीस दिलेला माल व बाहेर विकलेला माल. बाहेर विकला असेल तर कां, हें एका ओळींत अवश्य लिहावें. वरील उदाहरणांतील सर्व मर्म त्या एका ओळींत आहे.

दुसरी गिऱ्हाइकवही. कोणी काय घेतलें यापेक्षां कोणी काय नाकारलें व कोणतें कारण दिलें याची नोंद अधिक महत्त्वाची. नाकारलेला माल परत येतो तेव्हां त्याच्याबरोबर बाजाराची मागणी काय आहे हें फुकट कळतें; पण बहुधा आपण माल उतरवून घेतों आणि कारण वाटेवर सोडून देतों.

तिसरी निर्णयवही. संचालक मंडळाचा प्रत्येक मोठा ठराव, त्याच्या वेळीं गृहीत धरलेल्या गोष्टी, विरुद्ध मत असल्यास तें, आणि परिणामाची अपेक्षा लिहून ठेवावी. इतिवृत्तांत ठराव असतो पण कारण नसतें. तीन वर्षांनीं मंडळ बदलतें, आणि जुनाच प्रयोग नव्या उत्साहानें पुन्हां होतो. वर्षानें ही वही उघडून अपेक्षा व प्रत्यक्ष यांची तुलना करावी. दोषी शोधण्यासाठीं नव्हे, तर आपलीं गृहीतें कोठें चुकतात हें जाणण्यासाठीं.

चौथी माणसांची वही. कोणास काय येतें याची ही यादी होय. कोणी पूर्वीं बाजार समितींत काम केलेला असतो, कोणा सभासदाच्या घरीं बियाणें राखण्याची जुनी हातोटी असते, आणि ती बहुधा घरांतील स्त्रियांजवळ असते. अव्यक्त ज्ञान कागदावर येत नसलें तरी तें कोणाजवळ आहे हें कागदावर आणतां येतें. मग ओसाकाच्या तनाकाबाईंप्रमाणें एखाद्या होतकरू तरुणास त्यांच्याजवळ शिकावयास ठेवावें.

वह्यांबरोबर दोन बैठका हव्यात. एक हंगाम संपतांच. तींत काय ठरविलें होतें, काय झालें, फरक कां पडला व पुढें काय बदलावें, एवढ्या चारच प्रश्नांवर बोलावें. तींत तोलाईवाला, गाडीवान व गोदामरक्षक यांनाही बसवावें, आणि आधीं त्यांनीं बोलावें, मागाहून अध्यक्षांनीं. कारण अध्यक्ष आधीं बोलले कीं खालचीं माणसें मान डोलवितात. दुसरी बैठक कोणी जबाबदार नोकर सोडून जातांना. मुख्य कार्यकारी अधिकारी गेला म्हणजे त्याच्याबरोबर खरेदीदारांच्या ओळखी, बँकेंतील बोलणीं व अर्धवट राहिलेले अर्ज हेंही सर्व जातें. निदान महिनाभर नव्या माणसास त्याच्यासोबत फिरवावें व मगच कार्यभार सोंपवावा.

अडचणी व सावधगिरी

या मार्गांत अडचणी नाहींत असें नाहीं. पहिली अडचण अविश्वासाची. खरें उत्पन्न सांगितलें तर शेजाऱ्याची दृष्टि लागेल, किंवा सांगितलेली गोष्ट आपल्याच विरुद्ध वापरली जाईल, ही भीति अगदीं निराधार नसते. म्हणून एका सभासदाची नोंद दुसऱ्यास नांवानिशीं दाखवूं नये, व्यापाऱ्यास तर मुळींच देऊं नये, असा ठराव आधींच करावा. आणि सर्वांची सरासरी मात्र प्रत्येकास घरपोंच द्यावी. जो माहिती देतो त्याला बदल्यांत कांहीं उपयोगाचें मिळालें तरच तो पुढल्या वर्षीं खरी माहिती देईल. वेयनचा शेतकरी आपला गोठा उघडा करी, कारण त्याच्या गाईचा हिशेब त्यालाच परत मिळे.

दुसरी अडचण अतिरेकाची. सर्वच लिहावयाचें म्हटलें कीं कांहींच वाचलें जात नाहीं. म्हणून येथें धोरणानें ज्ञानास वाट दाखवावी. कंपनीनें बियाण्याचा धंदा करावयाचें ठरविलें असेल तर उगवणशक्ति व भेसळ यांच्या नोंदी आधीं. डाळीचा ठरविला असेल तर ओलावा व दाण्याची जाडी यांच्या. ज्या नोंदीवरून कोणताच निर्णय होणार नाहीं ती बंद करण्यास हरकत नाहीं.

तिसरी सावधगिरी जुन्या ज्ञानाविषयीं. ज्ञानही शिळें होतें. दहा वर्षांपूर्वीं जो व्यापारी सचोटीचा होता त्याचा धंदा आज मुलाच्या हातीं असेल. जें वाण तेव्हां रोगास दाद देत नव्हतें तें आतां देत असेल. म्हणून प्रत्येक नोंदीस तारीख पाहिजे, आणि आमच्याकडे असेंच चालतें या वाक्यास केव्हांपासून व कां असें विचारण्याची मोकळीक कनिष्ठांतील कनिष्ठासही पाहिजे.

सरतेशेवटीं सभासदांच्या उपयोगासाठीं कांहीं प्रश्न देतों. येत्या वार्षिक सभेंत ताळेबंद वाचून झाल्यावर ते संचालक मंडळास विचारावेत. गेल्या वर्षीं आपला किती माल कोणत्या कारणासाठीं नाकारला गेला? आपल्या सभासदांनीं बाहेर माल विकला तो कां विकला? तीन वर्षांपूर्वींचा सर्वांत मोठा ठराव कोणत्या गृहीतावर केला होता, व तें गृहीत खरें ठरलें काय? आपला व्यवस्थापक उद्यां सोडून गेला तर कोणतीं कामें अडतील? आणि पुढील गुंतवणुकीचा बेत ठरवितांना तोलाई करणाऱ्यास व गटप्रमुखांस विचारलें आहे काय? या पांच प्रश्नांचीं उत्तरें वहींतून वाचून दाखवितां आलीं, तर नवें कर्ज काढण्याच्या ठरावास हात वर करण्यास हरकत नाहीं. तीं देतां येत नसतील, तर तो ठराव पुढील सभेपर्यंत थांबवावा, आणि मधल्या काळांत वही घालावी.